युजर रिसर्च झाला, आता डिझाइनचा निर्णय कसा घ्यायचा: टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

इंटरव्ह्यू झाले, टेस्टिंग झालं, रेकॉर्डिंग्ज फोल्डरमध्ये पडलीयेत आणि परवा मीटिंग आहे. मग होतं असं की कोणीतरी आठवतील तसे चार मुद्दे लिहून काढतं, युजरच्या तोंडची दोन जोरदार वाक्यं त्यात टाकतं, शेवटी 'शिफारसी' नावाची एक स्लाइड येते, सगळे माना डोलावतात आणि टीम तेच डिझाइन करते जे ती रिसर्चच्या आधीपासून करणार होती. यात इंटरव्ह्यूचा दोष क्वचितच असतो. इंटरव्ह्यू संपल्यापासून निर्णय होईपर्यंतचं जे मधलं काम आहे ते घाईत उरकलं जातं किंवा उलट्या क्रमाने केलं जातं.

क्रम इतकाच आहे: काय दिसलं, त्याचा अर्थ काय, मग काय करायचं. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत आणि पहिली पूर्ण होईपर्यंत तिसरीला हात लावायचा नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरते म्हणजे समजायला सोपं जाईल. डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायचं एक ॲप धरा. टीमचं म्हणणं असं की लोकांना ठरलेली वेळ बदलता येत नाही कारण कॅलेंडरची स्क्रीन किचकट आहे, म्हणून कॅलेंडर नव्याने करायचं. ८ जणांना बसवून 'तुमची उद्याची अपॉइंटमेंट परवावर न्या' हे काम करायला दिलं. आता त्या ८ रेकॉर्डिंग्जचं काय करायचं ते बघू.

## सुरू करण्याआधी काय हाताशी हवं

ट्रान्स्क्रिप्ट (रेकॉर्डिंगमधलं बोलणं शब्दशः लिहून काढलेलं) हवं, पण मशीनने काढलेलं ट्रान्स्क्रिप्ट तसंच्या तसं वापरू नका. पुटपुटलेलं 'नाही' गळून पडतं आणि 'दिसलं नाही'चं 'दिसलं' होतं, म्हणजे अर्थ बरोबर उलटा. सगळं ऐकायला वेळ नसेल तर ज्या वाक्यावर तुम्ही काही ठरवणार आहात ते वाक्य तरी रेकॉर्डिंगशी ताडून बघा.

प्रत्येक माणसाला कोड द्या, पी१ ते पी८ असे, आणि कोण म्हणजे कोण ती यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा जी सगळ्यांना उघडता येणार नाही. संमती घेताना लोकांना काय सांगितलं होतं तेही बघून घ्या, 'फक्त डिझाइन टीम बघेल' म्हणाला असाल तर ती क्लिप सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये लावता येत नाही, कितीही परिणामकारक असली तरी.

वेळेचं म्हणाल तर एका तासाच्या सेशनमागे मी विश्लेषणाचे किमान दोन तास धरते. ८ सेशन असतील तर दोन-अडीच दिवस आधीच कॅलेंडरवर अडवून ठेवा, नाहीतर ते मिळत नाहीत. आणि अजून एक माणूस सोबत घ्या. एकट्याने केलेल्या विश्लेषणात आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं आणि ते कळायलाही मार्ग नसतो.

## टप्पा १: कोणता निर्णय घ्यायचाय ते डेटा उघडण्याआधी लिहा

'युजरना समजून घ्यायचं होतं' हा निर्णय नाही. कागदावर असं लिहा: आम्हाला अमुक ठरवायचंय, अमुक दिसलं तर हे करू, तमुक दिसलं तर ते करू. आपल्या उदाहरणात: 'कॅलेंडर नव्याने करायचं की नाही हे ठरवायचंय. लोक कॅलेंडरवर पोचून तिथे अडकत असतील तर करू. कॅलेंडरपर्यंत पोचतच नसतील तर ते बाजूला ठेवू आणि आधीचा रस्ता दुरुस्त करू.'

सोबत टीममधल्या प्रत्येकाला काय वाटतंय तेही दोन ओळीत लिहून घ्या. 'मला वाटतं कॅलेंडरच दोषी आहे' असं पीएमने (प्रॉडक्ट मॅनेजरने) आधीच लिहून दिलेलं असलं की नंतर निकाल वेगळा आला तर 'मला तर आधीपासून माहीत होतं' हे होत नाही आणि निकाल तोच आला तर आपणही जरा जास्त कडक नजरेने तपासतो.

थांबा: दोन्ही निकालांनंतर तुम्ही तेच करणार असाल तर विश्लेषणात वेळ घालवू नका, टीमशी बोला. निर्णय आधीच झालाय.

## टप्पा २: प्रत्येक सेशननंतर त्याच दिवशी पंधरा मिनिटं

नोट्स घेणारा आणि प्रश्न विचारणारा, दोघांनी आधी न बोलता आपापलं लिहायचं: काय अनपेक्षित होतं, कुठे अडकले, काय नीट कळलं नाही. मग बोलायचं. आधी बोललात की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण दोघांची होते.

हे पुढे ढकलू नका. आठवडाभराने पहिला आणि शेवटचा माणूसच ठळक आठवतो आणि मधले चार-पाच जण एकात एक मिसळून जातात.

## टप्पा ३: नोट्स फोडा, एका ओळीत एकच निरीक्षण

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, त्यामुळे इथे जास्त वेळ थांबूया.

साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने: कोड, रेकॉर्डिंगमधली वेळ, काय घडलं, आणि प्रकार. प्रकार तीनच, 'केलं', 'म्हणाले' आणि 'मला वाटलं'. तिसरा प्रकार मुद्दाम ठेवायचा, कारण अर्थ लावल्याशिवाय माणूस राहत नाही, मग तो अर्थ निरीक्षणात लपण्यापेक्षा उघडपणे 'मला वाटलं' म्हणून दिसलेला बरा.

नेहमी दिसणारी वाईट ओळ अशी: 'पी४ गोंधळली, तिला यूआय आवडला नाही.' (यूआय म्हणजे ॲपच्या स्क्रीन, बटणं वगैरे.) यात निरीक्षण शून्य आहे, दोन्ही आपले अंदाज. तोच प्रसंग रेकॉर्डिंग पुन्हा लावून लिहिला की असा होतो:

'पी४ने अपॉइंटमेंटचं कार्ड उघडलं. अंगठा "रद्द करा"च्या वर नेला, टेकवला नाही. मागे गेली. पुन्हा तेच कार्ड उघडलं. १४ सेकंद काहीच दाबलं नाही. मग म्हणाली, "हे दाबलं तर आहे ती पण जाईल ना?"'

पुढची ओळ: 'पी४ने मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, "मी फोनच करीन."' आणि सेशनच्या शेवटी ॲप कसं वाटलं विचारल्यावर: 'पी४ म्हणाली, "सोपं आहे, छान आहे."'

हे तिन्ही एकाच माणसाचं आहे. रिपोर्टमध्ये फक्त शेवटचं वाक्य गेलं असतं तर पी४ समाधानी युजर म्हणून मोजली गेली असती. ती खोटं बोलत नव्हती, समोरच्या माणसाला बरं वाटावं असं आपण सगळेच बोलतो, आणि काम जमलं नाही तर आपलीच चूक समजून ॲपला दोष न देणारे लोक तर भरपूर भेटतात. म्हणून 'केलं' आणि 'म्हणाले' यांची गाठ पडत नसेल तर 'काय जमलं, कुठे अडलं' या प्रश्नासाठी 'केलं'वर विश्वास ठेवा. 'म्हणाले'चा उपयोग कशासाठी, तर भीती, अपेक्षा, आधीचा अनुभव, शब्द कोणते वापरतात हे कळण्यासाठी. तिचं 'आहे ती पण जाईल ना' हे वाक्य सोन्यासारखं आहे, 'छान आहे' नाही.

अजून एक गोष्ट. उत्तर लिहिताना आपण काय विचारलं होतं तेही त्याच ओळीत लिहा. 'कॅलेंडर वापरायला अवघड गेलं का?' असं विचारल्यावर 'हो, थोडं' असं उत्तर आलं तर ते उत्तर प्रश्नानेच पढवलेलं आहे. अशा ओळीपुढे 'विचारून घेतलेलं' अशी खूण करा आणि मोजताना धरू नका.

'पुढे असं फिचर दिलं तर वापराल का?' याचं 'हो' तर पुरावा म्हणून कधीच घेऊ नका. त्याऐवजी मागच्या वेळी त्याने काय केलं ते सांगितलं असेल तर ती ओळ घ्या.

पाऊण तासाच्या सेशनमधून माझ्याकडे साधारण २५ ते ४० ओळी निघतात. ८-१० च निघाल्या तर बहुतेक तुम्ही निरीक्षणाऐवजी सारांश लिहिताय.

तपासून बघा: कुठल्याही पाच ओळी उचला आणि सेशनला नसलेल्या माणसाला द्या. वाचून तो 'म्हणजे नक्की काय केलं?' असं विचारत असेल तर ती ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा ४: टॅग लावा, पण हातचं राखून

टॅग म्हणजे ओळीत काय घडलं ते सांगणारं दोन-तीन शब्दांचं लेबल. पहिल्या दोन सेशनना दोघांनी वेगवेगळं बसून टॅग लावायचे, मग समोरासमोर ठेवायचे. जिथे जुळत नाही तिथे 'कोण बरोबर' असा वाद नको, टॅगचा अर्थ एका वाक्यात लिहून टाका. मग बाकीची सेशन वाटून घेतली तरी चालतं.

टॅग २०-२५ च्या वर गेले की सांभाळणं अवघड होतं. आणि 'नेव्हिगेशन', 'यूएक्स', 'गोंधळ' असले टॅग काढूनच टाका, ते सगळ्याला लागतात म्हणजे कशालाच लागत नाहीत. 'रद्द करायला घाबरणं', 'मेन्यू न दिसणं', 'फोनचा पर्याय निवडणं' असे टॅग कामाचे.

## टप्पा ५: गट करा, नाव सगळ्यात शेवटी

सगळ्या ओळी चिठ्ठ्यांवर घ्या, भिंतीवर किंवा ऑनलाइन बोर्डवर. एक चिठ्ठी उचला, तिच्यासारखी दुसरी शोधा, शेजारी ठेवा. इतकंच. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या पद्धतीचा गाभाही हाच आहे, की गट खालून वर तयार होतात. आपण बरोबर उलटं करतो, आधी 'होमपेज', 'सर्च', 'कॅलेंडर', 'पेमेंट' असे मथळे लावतो आणि चिठ्ठ्या त्यात कोंबतो, मग शेवटी हाती काय येतं तर ॲपच्या स्क्रीनची यादी जी आपल्याकडे आधीच होती. इंटरव्ह्यूच्या प्रश्नांप्रमाणे गट करणं हीसुद्धा तीच चूक.

आमच्या उदाहरणात पहिल्या फेरीत 'रद्द करा बटण' असा एक मोठा ढीग झाला. दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही चिठ्ठ्या सांगतात की 'वेळ बदलायची म्हणजे आधी रद्दच करावी लागणार' असं लोकांना वाटतं. बाकीच्या सांगतात की 'रद्द केली तर हातातली वेळ जाईल आणि दुसरी मिळेलच असं नाही' ही भीती आहे. ऐकायला सारखं, पण पहिल्यासाठी 'वेळ बदला' हा पर्याय समोर दिसला की काम होतं आणि दुसऱ्यासाठी नवीन वेळ पक्की होईपर्यंत जुनी तशीच राहील हे सांगावं लागतं. ढीग फोडला नसता तर आम्ही बटणाचा रंग बदलून मोकळे झालो असतो.

गटाचं नाव पूर्ण वाक्यात द्या, क्रियापदासकट. 'भीती' हे नाव नको, 'नवीन वेळ मिळण्याआधी जुनी सोडायला लोक तयार नाहीत' असं हवं. वाक्य लिहिता येत नसेल तर तो गट अजून झालेला नाही.

कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्या राहू द्या एका कोपऱ्यात. जबरदस्तीने बसवू नका, त्या टप्पा ७ मध्ये लागतात.

तपासून बघा: एका गटातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसाच्या नाहीत ना? बोलका पार्टिसिपंट एकटाच १२ चिठ्ठ्या देऊन जातो आणि गट भरल्यासारखा दिसतो. चिठ्ठ्या मोजू नका, माणसं मोजा.

## टप्पा ६: आकडे किती बोलू द्यायचे

आमच्या ८ जणांचं असं झालं. 'वेळ बदला' हा पर्याय कार्डावरच्या तीन टिंबांच्या मेन्यूत होता. पी१, पी६ आणि पी७ यांना तो लगेच सापडला. पी३ आणि पी८ यांना बरंच शोधल्यावर सापडला. पी२ आणि पी५ यांनी सरळ अपॉइंटमेंट रद्द केली आणि नवीन घेतली. पी४ने सोडून दिलं. म्हणजे ८ पैकी ५ जण अडले.

आता इथे सुतावरून स्वर्ग गाठायचा मोह होतो: '६३ टक्के युजरना पर्याय सापडत नाही.' असं लिहू नका. ८ पैकी ५ वरून ९५ टक्के खात्रीने जे म्हणता येतं ते इतकंच की सगळ्या युजरमध्ये हे प्रमाण साधारण ३१ ते ८६ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असेल. इतकी मोठी रेंज. ५ पैकी ४ असेल तर तीच रेंज ३८ ते ९६. म्हणून लहान सॅम्पलमध्ये टक्के लिहायचेच नाहीत, '८ पैकी ५' असंच लिहायचं, वाचणाऱ्याला सॅम्पल केवढं होतं ते लगेच दिसतं.

मग इतक्या कमी लोकांचा उपयोग काय? उपयोग हा की अडचण आहे आणि ती कशी घडते हे कळतं. किती जणांना आहे हे मोजायला ॲनालिटिक्स (ॲपच्या वापराचे आकडे) किंवा मोठा सर्व्हे लागतो.

'टेस्टिंगला ५ युजर पुरे' हे नेहमी ऐकू येणारं वाक्यही नीट समजून घ्या. जेकब निल्सन आणि थॉमस लँडाउअर या संशोधकांच्या १९९३ च्या मॉडेलवरून ते आलंय, आणि त्यात एक अट आहे, की एखादी अडचण एका युजरला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरलीय. तेवढी धरली तर ५ जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. पण जी अडचण १० पैकी एकालाच येते ती ५ जणांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के, १२ जण घेतले तरी ७२. आणि हे एकाच प्रकारच्या युजरबद्दल, एकाच प्रकारच्या कामाबद्दल आहे. पेशंट आणि रिसेप्शनिस्ट दोघं ॲप वापरत असतील तर दोघांचे ५ मिळून चालणार नाहीत.

सगळ्यात घातक चूक मात्र 'कोणालाच अडचण आली नाही' यावरून होते. आमच्याकडे कॅलेंडरपर्यंत ७ जण पोचले, ५ जण वेळ बदलताना आणि २ जण नवीन घेताना, आणि सातही जणांनी अडखळल्याशिवाय वेळ निवडली. मग कॅलेंडर निर्दोष आहे का? ७ पैकी ० असलं तरी प्रत्यक्षात ३५ टक्क्यांपर्यंत लोकांना अडचण येत असणं शक्य आहे. त्यामुळे 'कॅलेंडरमध्ये प्रॉब्लेम नाही' असं लिहायचं नाही. लिहायचं ते असं: 'या कामात लोक कॅलेंडरच्या आधीच अडतात, कॅलेंडरवर अडल्याचं या ८ सेशनमध्ये दिसलं नाही.' निर्णयाला एवढं पुरतं, कारण प्रश्न आधी कुठे हात घालायचा हा होता.

एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटलं याची दहा प्रश्नांची प्रश्नावली) स्कोअर घेतला असेल तर दोन गोष्टी. तो ० ते १०० असला तरी टक्के नव्हेत, सरासरी सुमारे ६८ धरली जाते. आणि तो 'कुठे अडलं' हे सांगत नाही, त्यामुळे त्यावरून डिझाइन बदलता येत नाही.

## टप्पा ७: आपल्याच म्हणण्याविरुद्ध पुरावा शोधा

प्रत्येक गटासाठी विचारा: हे ज्यांना झालं नाही ते कोण, आणि का नाही? पी१, पी६, पी७ यांना मेन्यू लगेच सापडला. त्यांच्या सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा वाचली तर तिघंही रोजच्या कामात बरीच ॲप्स वापरणारे निघाले, तीन टिंबं म्हणजे 'अजून पर्याय' हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. म्हणजे फाइंडिंग (निरीक्षणांवरून काढलेला निष्कर्ष) बारीक झालं: ज्यांना ही खूण माहीत नाही त्यांच्यासाठी हा पर्याय जणू नाहीच. आधीचं 'लोकांना सापडत नाही' हे मोघम होतं.

कोपऱ्यातल्या चिठ्ठ्याही आता वाचा. पी५ची एक होती, 'मी माझी नाही, आईची बदलतोय असं समजून केलं.' एकाच माणसाची आहे, तिच्यावर काही ठरवायचं नाही, पण पुढच्या रिसर्चच्या प्रश्नांत ती जायला हवी. फेकू नका.

दुसरीकडचा पुरावा असेल तर जुळवा. सपोर्टला येणारे फोन, ॲनालिटिक्स, रिव्ह्यू. वेळ बदलण्यासाठी येणारे फोन बरेच असतील तर पी४ एकटी नाही. रद्द केल्यावर काही मिनिटांत त्याच डॉक्टरकडे पुन्हा बुकिंग होतंय का हे लॉगमध्ये (ॲपमध्ये आपोआप होणाऱ्या नोंदींत) बघता येतं, आणि पी२, पी५ यांनी जे केलं ते किती जण करतात याचा खरा आकडा तिथे मिळतो.

थांबा: विरोधी काहीच सापडत नसेल तर खूश होऊ नका. सोबतच्या माणसाला सांगा की 'हे चूक आहे असं समजून शोध', आणि स्प्रेडशीट त्याच्या हातात द्या.

## टप्पा ८: फाइंडिंग लिहा, उपाय न लिहिता

एका फाइंडिंगमध्ये चार गोष्टी: कोण, काय करताना, काय होतं, आणि का होतं असं आपल्याला वाटतं. 'का'च्या पुढे आपली खात्री किती ते लिहा.

वाईट: 'रिशेड्यूल बटण मोठं हवं.' हा उपाय आहे, फाइंडिंग नाही.

हेही वाईट: 'युजरना रिशेड्यूलिंग अवघड वाटतं.' खरं असेल, पण यावरून उद्या सकाळी डिझाइनर काय करेल?

चांगलं: 'ज्यांना तीन टिंबांच्या मेन्यूची सवय नाही ते वेळ बदलायला गेल्यावर त्यांना फक्त "रद्द करा" दिसतं. ८ पैकी ५ जण इथे अडले, २ जणांनी रद्द करून पुन्हा घेतली, एकीने सोडून दिलं. कारण: बदलण्याचा पर्याय दिसत नाही (खात्री जास्त), आणि जुनी वेळ हातची जाईल ही भीती (खात्री मध्यम, ३ जणांच्या बोलण्यावरून).'

प्रत्येक फाइंडिंगखाली स्प्रेडशीटच्या ओळींचे नंबर द्या. 'हे कुठून आलं?' असं कोणी विचारलं की अर्ध्या मिनिटात रेकॉर्डिंगमधली ती जागा उघडता आली पाहिजे. हे जमत नसेल तर ते फाइंडिंग रिपोर्टमधून काढा.

## टप्पा ९: कशाला आधी हात घालायचा

तीन प्रश्न, या क्रमाने. काम अडतं की फक्त त्रास होतो? त्यातून सावरता येतं का? किती जणांना होतं? बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरू करतात आणि म्हणून ८ पैकी ७ जणांना खटकलेला आयकॉन यादीत वर जातो, आणि ८ पैकी २ जणांची अपॉइंटमेंट रद्द झाली ते खाली राहतं. रद्द झालेली वेळ दुसऱ्याने घेतली की परत मिळत नाही, ते नुकसान कायमचं आहे. ते वरच राहायला हवं, दोनच जण असले तरी.

करायला किती दिवस लागतील हा प्रश्न या टप्प्यात आणू नका. डेव्हलपर खोलीत असले की तो आपोआप येतो आणि मग सोपी कामं 'महत्त्वाची' ठरतात. आधी गंभीर किती ते ठरू दे, दिवसांचा हिशोब पुढच्या टप्प्यात.

## टप्पा १०: आता उपाय, आणि एकापेक्षा जास्त

इथे पहिल्यांदा 'काय करायचं' याला हात लावायचा. टप्पा १ चा कागद काढा. आमचं उत्तर आलं: लोक कॅलेंडरपर्यंत पोचण्याआधी अडतात, म्हणून कॅलेंडरचं काम बाजूला.

मग प्रत्येक वरच्या फाइंडिंगला किमान तीन उपाय लिहा. एकच सुचला तर बहुतेक तो आधीपासून मनात असलेलाच असतो. आमचे तीन असे. एक, 'वेळ बदला' मेन्यूतून बाहेर काढून कार्डावर, 'रद्द करा'च्या आधी. दोन, 'रद्द करा' दाबल्यावर विचारायचं, 'रद्द करायची की वेळ बदलायची?' तीन, वेळ बदलताना वरच लिहायचं, 'नवीन वेळ पक्की होईपर्यंत तुमची आधीची वेळ तशीच राहील.' पहिला न दिसण्यावर आहे, तिसरा भीतीवर, दुसरा दोन्हींवर थोडा थोडा पण माणसाने रद्द करायचं धाडस केल्यावरच दिसतो, आणि पी४ने तर ते दाबलंच नव्हतं. उपाय फाइंडिंगमधल्या 'का'शी असा ओळीने लावून बघितला की कुठला अपुरा आहे ते लगेच कळतं. आम्ही एक आणि तीन घेतले.

हे सगळं एका निर्णयाच्या नोंदीत जातं, अर्ध्या पानाची पुरते: काय ठरलं, कुठल्या फाइंडिंगवरून, कुठले पर्याय सोडले आणि का, कोणी ठरवलं, तारीख, आणि काय दिसलं तर हा निर्णय बदलू. शेवटचा मुद्दा बहुतेक नोंदींत नसतो, आणि सहा महिन्यांनी नेमका तोच हवा असतो.

तपासून बघा: फाइंडिंग झाकून फक्त निर्णय वाचा. रिसर्च झालाच नसता तरी हाच निर्णय झाला असता का? असेल तर दुवा कच्चा आहे, परत टप्पा ८ वर जा.

## टप्पा ११: टीमपुढे मांडताना

चाळीस स्लाइड नकोत. निर्णयाचा प्रश्न, तीन-चार फाइंडिंग, प्रत्येकाला एक छोटी क्लिप, मग पर्याय. पी४चा तो १४ सेकंदांचा थांबा न कापता दाखवा, संमती असेल तर. त्या शांततेत खोलीतल्या लोकांना जे कळतं ते कुठल्याही आलेखाने कळत नाही.

क्लिप निवडताना मात्र प्रामाणिक राहा. जी सगळ्यात नाट्यमय आहे ती नव्हे, जी बाकीच्यांसारखी आहे ती दाखवा, आणि ज्यांना जमलं त्यांचीही एक दाखवा.

कोणी म्हणेल 'आठच तर लोक होते'. त्यावर वाद घालू नका, टप्पा ६ मधलं सांगा: किती जणांना हे आम्ही सांगत नाही, कसं घडतं ते सांगतोय, आणि किती जणांना ते लॉगमधून काढू.

## टप्पा १२: बदल बाहेर गेल्यावर

रिलीजच्या आधीचे आकडे आधीच काढून ठेवा, नंतर काढायला गेलं की ते सापडत नाहीत किंवा मोजायची पद्धतच बदललेली असते. आमच्या बाबतीत दोन: रद्द केल्यावर लगेच त्याच डॉक्टरकडे पुन्हा बुकिंग किती, आणि वेळ बदलण्यासाठी सपोर्टला येणारे फोन किती.

पहिला आकडा उतरला आणि फोन तसेच राहिले तर पर्याय दिसायला लागलाय पण भीती गेलेली नाही, म्हणजे तिसऱ्या उपायातलं वाक्य लोक वाचत नाहीयेत किंवा त्यावर विश्वास बसत नाहीये. उलट झालं, फोन उतरले पण रद्द करून पुन्हा घेणं चालूच, तर बटणाची जागा किंवा त्यावरचा शब्द पुन्हा बघा. दोन्ही हलले नाहीत तर नवीन उपाय शोधत बसू नका, टप्पा ५ च्या चिठ्ठ्या उघडा, गट चुकलेला असण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून ती स्प्रेडशीट आणि तो बोर्ड निदान हे आकडे बघून होईपर्यंत जपून ठेवा, आणि रेकॉर्डिंग्ज संमतीत जितके दिवस सांगितलेत तितकेच.